एमबीएच्या जर्मनी स्टडी टूरसाठी शेंगेन व्हिसा: कोणाला मिळतो, कागद कुठले आणि फी कधी माफ होते

परदेशातल्या एखाद्या भागाची इकॉनॉमी समजून घ्यायला स्टडी टूर काढायची तर मला विचाराल तर जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्यच धरा. स्टुटगार्टला मर्सिडीज आणि पोर्शे, शहराला लागून गेर्लिंगनला बॉश, डिट्झिंगनला मशिन बनवणारी ट्रुम्फ, एस्लिंगनला ऑटोमेशनवाली फेस्टो, थोडं पुढे वॉल्डॉर्फला सॉफ्टवेअरवाली एसएपी, आणि या मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या घरच्या मालकीच्या कितीतरी मध्यम कंपन्या. आपला चाकणचा मर्सिडीजचा प्लांट आणि नाशिक-सातपूरचं बॉश यांची मुळं तिकडचीच, मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटी आहेत, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळाचा करारही याच राज्याशी केलाय. त्यामुळे आपल्या मुलांनी बघण्यासारखं तिथे खरंच खूप आहे.

आता व्हिसा. टूर एक-दोन आठवड्यांची असते म्हणजे टाइप सी, शॉर्ट स्टेचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) लागतो, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. फॅक्टरी व्हिजिट, लेक्चर, मीटिंग हे सगळं चालतं, नोकरी चालत नाही, त्यामुळे "टूरमध्येच छोटी इंटर्नशिप करून घेऊ" हा विचार डोक्यातून काढा. ग्रुप असला तरी अर्ज प्रत्येकाचा वेगळा, फॉर्मवर सही तुमची, म्हणजे एजंटने भरलेलं सगळं स्वतः वाचूनच सही करा.

पात्रतेत महत्त्वाचं म्हणजे टूरच्या तारखांना तुम्ही विद्यार्थी असायला हवं. शेवटची परीक्षा झाल्यावर टूर ठेवली तर बोनाफाईड कुठून आणणार? पासपोर्ट मागच्या १० वर्षांत काढलेला, शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि २ पानं कोरी असलेला हवा. एक्झिक्युटिव्ह एमबीएवाल्यांनी ऑफिसचं एनओसी, रजेचं पत्र आणि सॅलरी स्लिप पण जोडायच्या.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यावरून बराच गोंधळ होतो. टूरमध्ये बहुतेक वेळा स्वित्झर्लंडचं झुरिक किंवा फ्रान्सचं स्ट्रासबर्ग जोडलेलं असतं, तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. महाराष्ट्र-गोव्यातल्या लोकांनी जर्मनीचा फॉर्म ऑनलाइन भरून कागद व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज गोळा करणारी खासगी कंपनी) सेंटरवर द्यायचे, बोटांचे ठसे पण तिथेच घेतात. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण एवढं ताणू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत.

फीचं नीट वाचा कारण हे कोणी सांगत नाही. जून २०२४ पासून मोठ्यांची व्हिसा फी ९० युरो आहे, पण शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना शेंगेनच्या नियमातच ही फी माफ आहे. ग्रुप मोठा असेल तर केवढी रक्कम वाचते बघा! फक्त कागदावरून टूर शैक्षणिक आहे हे दिसलं पाहिजे, नुसतं सहल असं वाटता कामा नये. म्हणून कॉलेजच्या लेटरहेडवरच्या पत्रात टूर अभ्यासक्रमाचा भाग आहे, तारखा, विद्यार्थ्यांची नावं पासपोर्ट नंबरसकट, सोबत कोण प्राध्यापक आणि खर्च कोण करतंय हे स्पष्ट लिहून घ्या, आणि तिकडच्या युनिव्हर्सिटीचं किंवा कंपनीचं निमंत्रण पत्र जोडा. व्हीएफएसचा सर्व्हिस चार्ज मात्र वेगळा लागतो.

बाकी कागद म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, तिकिटाचं आणि हॉटेलचं बुकिंग, रोजचा प्रोग्रॅम, किमान ३०,००० युरो कव्हरचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स, मागच्या ३ महिन्यांचं बँक स्टेटमेंट. खर्च आईवडील करत असतील तर त्यांचं स्पॉन्सर लेटर आणि आयटीआर. घर शेतीवर चालत असेल आणि आयटीआर भरलेलाच नसेल तर घाबरू नका, शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, तसं पत्रात लिहा आणि सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, साखर कारखान्याचं नाहीतर बाजार समितीचं बिल जे असेल ते इंग्रजी भाषांतर करून लावा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम दोन-तीन लाख आणून टाकू नका, ते लगेच नजरेत येतं. टाकायचेच असतील तर एफडी मोडली, सोसायटीचं कर्ज काढलं, जे खरं असेल त्याचा कागद सोबत द्या.

नावाकडे फार लक्ष द्या. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर वेगळाच क्रम, कोणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे तर कोणाच्या नाही. फॉर्म, तिकीट, इन्शुरन्स, कॉलेजचं पत्र सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहायचं. तारखांचंही तेच, कॉलेजच्या पत्रात १० तारखेला परत आणि तिकीट १२ चं असेल तर ते दोन दिवस तुम्ही कुठे राहणार हा प्रश्न येणारच.

निकाल साधारण १५ दिवसांत येतो, ४५ पर्यंत पण जाऊ शकतो. नकार आला तर पूर्वी कॉन्सुलेटकडेच फेरविचाराची विनंती करता यायची, जर्मनीने ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद केलीय, आता एकतर नव्याने अर्ज नाहीतर कोर्ट, म्हणून फाईल पहिल्याच वेळी पक्की करा. पासपोर्ट हातात आला की स्टिकरवरचं नाव, तारखा आणि किती एंट्री दिल्यात ते लगेच बघा, सिंगल एंट्री असेल तर झुरिक चालेल पण लंडन शेंगेनमध्ये येत नाही, त्यामुळे मधेच तिकडे जाऊन परत जर्मनीत येता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या बॉर्डरवर फोटो आणि ठसे घेऊन नोंद करायची नवीन सिस्टीम सुरू झालीय, तिथे वेळ जातो, आणि ऑफिसरने विचारलं तर लगेच दाखवता यावं म्हणून कॉलेजचं पत्र, हॉटेल आणि इन्शुरन्सची प्रिंट केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको.