मोजलेला पाऊस

मृग कोरडा गेला की यवतमाळकडच्या आमच्या गावात माणसं हळू आवाजात बोलू लागतात. शेजारची नऊ वर्षांची पोरगी रोज संध्याकाळी विचारायची, "आबा, पानी येईन का?" आबा म्हणायचे, "येईन, येईन. तू जेव." ती ताट तसंच ठेवायची. सोयाबीनची बॅग उधारीवर आणलीये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं.

2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 45 जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. झटका बसणारच हे ठाऊक असताना ताण कमी होता, बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना सर्वांत जास्त. हाताचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या तेच सांगत होत्या. कोरडवाहूवाल्याला हे कळायला लंडन कशाला पाहिजे, तो भाग वेगळा!

त्यात पावसाची चालही बिघडलीये. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या.

शेवटी आबांनी पोरीला पाऊस मोजायच्या कामाला लावलं. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा प्लास्टिकचा डबा अंगणात, झाडापासून दूर ठेवला. तोंड आणि बूड सारखं रुंद असलं की डबा लहान असो वा मोठा, पाण्याची उंची तेवढीच भरते. शाळेच्या पट्टीचा शून्य टोकापासून जरा आत असतो; तो तुकडा तिनं आधी कापून टाकला. 1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर, एकराला सुमारे 4 हजार लिटर. हा हिशेब तिनं सगळ्या आळीला ऐकवला.

75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पहिल्या सरीनं वरचीच माती भिजते. दाणा फुगतो, कोंब काढतो आणि खाली ओल नसली की उन्हात करपतो. मग दुबार पेरणी. तशी वेळ आलीच तर बियाण्याचे पैसे कुठून आणायचे, तेही आबा आता तिच्यासमोरच बोलतात. मला हे पटतं. घरात कुणाची झोप-भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर मात्र नुसत्या डब्यानं भागायचं नाही. 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं.

परवा आळीतल्या दोघांनी पेरणी उरकली. आबांचाही पाय घरात ठरेना. पोरीनं वही काढली: 12, 0, 0, 31.

"आबा, अजून बत्तीस पाह्यजे."

आबांनी बॅग पुन्हा माळ्यावर टाकली.