हा लाँग नाही, लान हा! आमच्या बोटीवर यायच्या आधी एवढं वाचाच

व्हिएतनाममध्ये हा लाँग नावाच्या प्रसिद्ध उपसागराला लागून, कात बा बेटाजवळ लान हा नावाचा दुसरा उपसागर आहे, तिथे आम्ही छोट्या बोटीने कयाकच्या ट्रिपा नेतो. येणाऱ्यांशी फोनवर रोज तेच तेच बोलणं होतं म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. व्हिसा, सिमकार्ड, डॉलर न्यायचे की तिकडे डाँग काढायचे हे तुम्ही सगळे यूट्यूबवर बघूनच येता, त्यात वेळ घालवत नाही. गाडी अडते ती धक्क्यावर.

हनोईच्या हॉटेलात तुम्ही सांगता क्रूझला जायचंय आणि तो बिचारा टॅक्सीवाल्याला तुआन चाऊ बंदर सांगून मोकळा होतो, कारण हा लाँगच्या बऱ्याच मोठ्या क्रूझ तिथून सुटतात. मग सकाळी मेसेज येतो, "दादा पोचलो, तुमची बोट कुठंय?" सोबत फोटो, फोटोत ओळीने उभ्या तीन मजली पांढऱ्या क्रूझ. तो फोटो बघितला की आम्हाला कळतं, यांची आजची ट्रिप गेली. आमची बोट सुटते कात बा बेटावरच्या बेन बेओ धक्क्यावरून. तुआन चाऊहून कात बाला फेरी आहे, नाही असं नाही, पण ती उतरवते बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला जिया लुआनला, तिथून परत डोंगरातल्या रस्त्याने गाडी, म्हणजे येईपर्यंत दुपार. म्हणून आदल्या रात्रीच कात बा गावात मुक्कामाला या. धक्का तिथून जवळच आहे.

"अर्धा तास थांबलात तर काय बिघडतं?" हे पण नेहमीचंच. आपल्या कोकणात भरती दिवसातून दोनदा येते, इथे बहुतेक दिवस एकदाच, आणि मोठी भरती असली की चांगली तीन मीटरच्या वर चढते. कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, डोंगराखालच्या ज्या बोगद्यातून आतल्या तळ्यात जाते त्याचं छत पाणी चढलं की डोक्याला लागतं, आणि भिंतींना कालवं चिकटलेली असतात, हात टेकवला की कापलाच. पाणी फार उतरलं तरी तळ घासतो. मधली वेळ गाठायची असते आणि ती रोज पुढे सरकते, म्हणून आमची सुटायची वेळ तारखेप्रमाणे बदलते. पंधरा मिनिटं थांबतो, त्यापुढे नाही, बाकीच्या नऊ जणांनी पण पैसे भरलेले असतात हो.

बोटीवर दहाच जण का? कारण बोट लहान आहे, आणि कयाकवर एका गाइडला तेवढ्याच लोकांवर लक्ष ठेवता येतं. मोठ्या बोटीची डे ट्रिप आमच्यापेक्षा स्वस्त पडते, मान्य आहे, पण ती तो बोगदा लांबूनच बघते. आणि लान हा म्हणजे काही हा लाँगची हलकी कॉपी नाही, तेच चुनखडीचे डोंगर, खालून पाण्याने पोखरून वर छत्रीसारखे उरलेले. हा लाँग 1994 पासून युनेस्कोच्या यादीत होतं, 2023 मध्ये कात बाचा भाग पण त्यात घेतला.

तरंगतं गाव कितपत खरं, असं पण विचारतात. हा लाँगमधल्या गावांतल्या लोकांना 2014 मध्ये किनाऱ्यावर हलवलं, म्हणजे जुने फोटो बघून जाल तर तिकडे निराश व्हाल. आमच्या वाटेवर "काय बेओ" नावाचं तरंगतं गाव आहे, तिथे मासे पाळायचे पिंजरे पूर्वीपेक्षा कमी झालेत, पण माणसं राहतात. ड्रमांवर फळ्या, फळ्यांवर घर, खाली जाळीत हेकरू आणि मोडसा, आणि बोट जवळ गेली की फळीच्या टोकापर्यंत धावत येऊन भुंकणारा कुत्रा. फोटो काढा, पण कोणाच्या घरात डोकावू नका.

जेवणाचं काय ते, ट्रिपचं बुकिंग करतानाच सांगा. व्हेजमध्ये सुद्धा फिश सॉस पडतो म्हणून आम्ही स्वयंपाकीणबाईंना वेगळं सांगून ठेवतो. गंमत म्हणजे व्हिएतनामीत शाकाहाराला "आन चाय" म्हणतात, तेव्हा बोटीवर "चाय, चाय" करत बसलात तर टोफू समोर येईल. तरी चिवडा आणाच, आम्हाला पण द्या.

जून ते सप्टेंबर वादळांचे महिने. इशारा आला की बोटी सोडत नाहीत, अशा वेळी पूर्ण पैसे परत. चुकीच्या धक्क्यावर गेलात तर मात्र परत नाहीत. बुकिंगसोबत बेन बेओचं नाव व्हिएतनामीत लिहिलेला फोटो पाठवतो, हॉटेलवाल्याला नाही, थेट ड्रायव्हरला दाखवा, गाडीत बसायच्या आधी.