सुनीती सॉलोमन : गायतोंड्यांची लेक आणि सहा पिवळे नमुने

चेन्नईच्या ‘वायआरजी केअर’ या संस्थेचं नाव एचआयव्हीवरच्या शोधनिबंधांत वारंवार दिसतं. त्यातला ‘जी’ म्हणजे गायतोंडे, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. संस्थापक डॉ. सुनीती सॉलोमन यांचं ते माहेरचं आडनाव. चामड्याचा व्यापार करणारं हे मराठी कुटुंब मद्रासला स्थिरावलेलं, आणि घरात सुनीती एकटीच मुलगी. दरवर्षी लस टोचायला आरोग्य अधिकारी घरी यायचे, त्यातून वैद्यकाची ओढ लागली, असं त्या सांगत. मद्रास मेडिकल कॉलेजात भेटलेल्या व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ते हृदयशल्यविशारद. दोघं ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात राहून १९७३ मध्ये परतले. सुनीती पुढे त्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या.

१९८१ मध्ये अमेरिकेतून एड्सच्या पहिल्या बातम्या आल्या. आपल्याकडचा सूर असा, की हा तिकडच्या लोकांचा रोग. मुंबईत तपासलेले नमुनेही निगेटिव्ह आले होते. अशा वेळी सुनीतीबाईंनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी विषय सुचवला : मद्रासमध्ये एड्सचा शोध.

ठरले होते २०० नमुने. शहरात रीतसर वेश्यावस्ती नव्हती, म्हणून निर्मलांनी स्त्रियांच्या सुधारगृहात जाऊन ऐंशीच्या वर नमुने जमवले. पती स्कूटरवरून सोडायचे. सीरम म्हणजे रक्तातला पातळ द्रव वेगळा करायला बाईंनी छोटीशी तात्पुरती प्रयोगशाळा मांडून दिली, आणि नमुने ठेवले निर्मलांच्या घरच्या फ्रिजमध्ये! रक्त कसल्या तपासणीसाठी घेतलं जातंय, हे त्या बायकांना सांगितलेलं नव्हतं. पुढचं सगळं कौतुक करतानाही हे विसरू नये असं मला वाटतं.

मद्रासला एलायझा चाचणीची सोय नव्हती. फेब्रुवारी १९८६ मध्ये नमुने सुमारे २०० किलोमीटर दूर, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेले. या चाचणीत विषाणू शोधत नाहीत. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनं त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधतात. ती असली की चाचणीच्या ताटलीतल्या खळग्यातला द्रव पिवळा होतो. ऐन चाचणीत वीज गेली, मंडळी चहाला उठली. परत येऊन झाकण उघडलं तर सहा खळगे पिवळे! अमेरिकेतल्या फेरतपासणीनंही तेच सांगितलं. मे महिन्यात तमिळनाडूचे आरोग्यमंत्री हंडे यांनी विधानसभेत जाहीर केलं, की एचआयव्ही भारतातही पोचला आहे.

निर्मलांनी १९८७ मध्ये प्रबंध दिला आणि त्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये लसनिर्मितीच्या कामाला लागल्या. नाव मात्र बहुतेक वेळा बाईंचंच घेतलं जातं. नमुन्यांमागची पायपीट निर्मलांची, प्रश्न बाईंचा. दोन्ही नावं एकत्रच घ्यायला हवीत.

बाई मात्र या विषयातून बाहेर पडल्या नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी वायआरजी केअर सुरू केली. इथे प्रतिकारशक्तीचा प्रश्न थेट पैशांशी येऊन भिडला. एचआयव्ही सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरून त्या संपवतो. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे त्या २०० च्या खाली गेल्या, की न्यूमोनियासारखे संधिसाधू आजार टाळणारी औषधं सुरू करावी लागतात. पण सीडी४ मोजणारं यंत्र महाग, आणि ते असायचं मोठ्या शहरांत. संस्थेचे डॉ. कुमारसामी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की कुठल्याही साध्या लॅबमध्ये होणाऱ्या तपासणीतली एकूण लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) संख्या सुमारे १४०० च्या खाली असेल, तर सीडी४ बहुधा २०० च्या आत असतात. अचूक नाही, पण खेड्यातल्या डॉक्टरला निर्णय घेता येईल इतपत. मला हे काम त्या पिवळ्या नमुन्यांइतकंच मोलाचं वाटतं.

याच संस्थेत आणखी एक चित्र स्पष्ट झालं. येणाऱ्या बाधित स्त्रियांपैकी बहुसंख्य विवाहित होत्या, आणि नवऱ्याखेरीज त्यांचा कुणाशी संबंध आलेला नव्हता. ‘तसल्या बायकांचा आजार’ हे वाक्य तिथेच खोटं ठरलं. वायआरजी केअर पुढे नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या अभ्यासात सहभागी झाली. त्यात भारताचं दुसरं केंद्र पुण्याचं होतं. बाधित जोडीदाराला लवकर औषधं दिली, तर दुसऱ्याला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो, असं २०११ मध्ये जाहीर झालं.

सुनीतीबाई जुलै २०१५ मध्ये गेल्या. पद्मश्री २०१७ मध्ये, मरणोत्तर. पण चेन्नईत काही जण त्यांना ओळखायचे ते लग्नं जुळवणाऱ्या बाई म्हणून. एचआयव्ही असलेल्या स्थळांची एकमेकांशी गाठ त्या स्वतः घालून द्यायच्या.