गरोदरपणात रक्त कमी आलंय? आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या ताईंसाठी

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 (ग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. 7 च्या खाली गेलं तर तो गंभीर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणून घाबरू नका, पण ‘सगळ्यांचंच कमी असतं’ म्हणत सोडूनही देऊ नका. अंगात रक्त कमी असताना बाळंतपणातला थोडा जास्त रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो.

स्टेशनचा जिना चढताना धाप लागते, चक्कर येते, तेव्हा हे गरोदरपणामुळेच असं वाटून जातं. पाटीवरची पेन्सिल, खडू, माती किंवा बर्फ खावासा वाटणं ही लोह कमी असल्याची खूण असू शकते. बायका हे लाजून लपवतात. कृपा करून डॉक्टरांना सांगा.

नुसत्या हिमोग्लोबिनवरून रक्त कमी आहे एवढंच कळतं, कशामुळे ते कळत नाही. सीबीसीत (रक्तपेशींच्या साध्या तपासणीत) एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, 80 च्या खाली असेल तर तांबड्या पेशी लहान आहेत; त्या लोहाच्या कमतरतेने लहान होतात, तशाच थॅलेसेमिया मायनरमध्येही (हा आईवडिलांकडून मुलांकडे जाणारा रक्तदोष). म्हणून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, बघायचं. ते 30 च्या खाली असेल तर लोहाचा साठा आटत आलाय. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर फेरिटिन वाढलेलं दिसतं, तेव्हा तपासणीसाठी रक्त देताना तसं सांगा. सीबीसी आणि फेरिटिनसाठी उपाशी यायची गरज नाही. डॉक्टरांनी थॅलेसेमियासाठी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी रक्ततपासणी) सांगितली तर टाळू नका. त्यात मायनर निघालं तर नवऱ्याचीही तपासणी लगेच करून घ्या.

उपचारात सगळ्यात जास्त घोळ गोळीचा होतो. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्तक्षय नसला तरी रोज एक, असला तर बहुधा दोन. ते डॉक्टर ठरवतील. सकाळी चहा-बिस्किटाबरोबर ती घेतली तर बरंचसं लोह अंगी लागतच नाही. चहा-कॉफीनंतर दोन तास जाऊ द्या, मग लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं, त्यात काही वावगं नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, पण मनाने बंद करू नका.

लाल माठ, चवळी, राजगिरा, मटण जरूर खा. बीट-डाळिंबाच्या रंगावर मात्र विसंबू नका. रक्तक्षय झाल्यावर नुसत्या आहाराने भागत नाही.

महिन्याने पुन्हा तपासा. हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही, तर तिसरा महिना उलटल्यावर डॉक्टर शिरेतून लोह देऊ शकतात. ते रुग्णालयातच घ्यावं. 7 च्या खाली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आकडा सुधारला तरी गोळी सुरू ठेवा, बाळंतपणानंतरही सहा महिने. महापालिकेच्या दवाखान्यात आणि प्रसूतिगृहात ती मोफत मिळते. पुढच्या वेळी येताना जुना रिपोर्ट सोबत आणा.