मरळ मागवताय? कुठली, तेवढं सांगा

मरळ माशाची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, आम्ही विकतो. "मरळीची बोटुकली हवी," असा फोन आला की आम्ही उलट विचारतो, "कुठली मरळ?" ग्राहक जरा चिडतात. पण नुसत्या नावावर विसंबून आम्ही एकदा तोंडघशी पडलो आहोत. मरळ मागणाऱ्याच्या तळ्यात आमच्या हातून डोक, म्हणजे मरळीच्याच कुळातले छोटे मासे, गेले. ते वीतभर वाढले आणि थांबले. बोलणी अर्थात आम्हीच खाल्ली.

आपल्याकडे दोन जातींना सर्रास मरळ म्हणतात. चॅना स्ट्रायटा ही पट्ट्यांची. चॅना मारुलियस तिच्याहून थोराड, मीटरभराच्याही पुढे जाणारी. बोटुकलीची शेपूट बघा. मारुलियसच्या शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडेचा काळा, डोळ्यासारखा ठिपका असतो, स्ट्रायटाला तिथे तो नसतो. मोठेपणी हा ठिपका पुसट होतो आणि गढूळ पाण्यात पट्टेही विरतात, म्हणून रंगावर फार भिस्त ठेवू नका. पाठीवरच्या लांब पराच्या काड्या मोजा: स्ट्रायटाला 37 ते 46, मारुलियसला 45 ते 55. नेमक्या 45-46 भरल्या, तर पुन्हा शेपटीकडे या!

परप्रांतातून बीज मागवताना खरा घोळ होतो. बंगालीत स्ट्रायटा म्हणजे शोल, मारुलियस म्हणजे शाल किंवा गजार. ठिपक्यांची चॅना पंक्टाटा पश्चिम बंगालमध्ये लाटा, बांगलादेशात टाकी आणि बिहारमध्ये गरई. स्ट्रायटालाच तेलुगूत कोर्रमीनू म्हणतात, तो तेलंगणाचा राज्यमासा. तमिळमध्ये विराल, मल्याळममध्ये वराल. थायलंडात प्ला चॉन, फिलिपिन्समध्ये दलाग. व्हिएतनाममध्ये तर उत्तरेत का क्वा आणि दक्षिणेत का लोक!

इंग्रजीत भारतात 'मरेल' चालतं, बाहेर 'स्नेकहेड'. डोकं सापासारखं चपटं आणि मोठ्या खवल्यांनी मढलेलं, म्हणून ते नाव. 2002 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या एका तळ्यात सापडून गाजलेला स्नेकहेड मात्र चॅना आर्गस, पूर्व आशियातला. त्याचे फोटो पाठवून "हीच द्या" म्हणणारेही भेटतात. ती आमच्याकडे मिळत नाही.

मागूरशी गल्लत टाळणं सोपं आहे. मागूरला आठ मिश्या असतात आणि खवले नसतात. मरळीचं नेमकं उलट. वर येऊन हवा घेणं मात्र दोघांचंही. त्यामुळे टाकीत सोडल्यावर मरळ पुन्हा पुन्हा तोंड वर काढू लागली, तर ती आजारी आहे असं समजून आम्हाला रात्री फोन करू नका. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवेतला प्राणवायू घेणारा अवयव असतो. वर येऊ दिलं नाही, तर पाण्यातही ती गुदमरते. वर झाकण किंवा जाळी लावाच, ती उडी मारून पळते. पण पाणी आणि झाकण यांच्यामध्ये हवेला जागा सोडा.

मागणीत शास्त्रीय नाव आणि बोटुकलीची लांबी लिहा. नाव माहीत नसेल, तर मासा ओल्या ताटात आडवा ठेवून फोटो पाठवा. शेपूट फोटोच्या बाहेर राहू देऊ नका.