वार पाळणूक

वार पाळणूक : ठरावीक वारी साऱ्या गावाने शेतीची कामे बंद ठेवण्याची प्रथा. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील मराठी भाषक गावांत, तसेच बेळगाव शहराच्या जुन्या गल्ल्यांत ती आढळते. ग्रामदेवतेच्या यात्रेआधी किंवा आषाढात देवस्की पंच, म्हणजे गावच्या देवकार्याचे कारभारी, आणि गावकरी बसून वार ठरवतात. बहुधा मंगळवार किंवा शुक्रवार. दवंडी फिरते, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरही निरोप जातो. त्या दिवशी कोणी औत धरत नाही, भांगलणीला जात नाही, मजुरीची माणसे सांगत नाही. किती वार पाळायचे आणि किती कडक, हे गावागणिक बदलते.

ही पाळणूक लक्ष्मी, मरगाई अशा गावदेवींसाठी असते. मरगाईचे नाव जुन्या काळापासून पटकी, देवी अशा रोगराईशी जोडलेले आहे. गावावरचे अरिष्ट टळावे म्हणून तिला गाऱ्हाणे घालतात आणि वारही पाळतात. अंगाला आराम मिळावा, असा हेतू त्यामागे कोणी सांगत नाही. तेव्हा पूर्वजांनी आरोग्यशास्त्र ओळखूनच हे ठरवले, असा शोध लावण्यात अर्थ नाही. पण घडते ते विश्रांतीच, आणि तीही एकट्याला थांबणे परवडत नाही अशा दिवसांत. पावसाळ्यात रोप लावणी सुरू झाली, की माणसे गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून असतात. बायका इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद पांघरून ओळीने मागे सरकत रोप टोचतात. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. शेजाऱ्याची लावणी पुढे गेली आणि आपली राहिली, ही धास्ती मात्र कंबरदुखीहून मोठी असते. वाराच्या दिवशी शेजाऱ्याचेही शेत मोकळे असते. सगळेच थांबल्याने थांबणाऱ्याचे नुकसान होत नाही. या प्रथेचे बळ त्यात आहे.

जनावरांच्या विश्रांतीचा विचार या भागात माणसांच्या आधी झालेला दिसतो. सोमवारी बैल न जुंपण्याची रीत अनेक घरांत होती, अमावस्येलाही औत बंद असे. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर हा बैलांचा सण येतो आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. सीमाभागात दोन्ही ठाऊक असतात. आदल्या दिवशी खांदेमळणी होते : जू घासून घट्टे पडलेला बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकायचा आणि हळद-तेल किंवा लोणी लावून हलक्या हाताने चोळायचा. नागपंचमीला नांगरणे, खणणे वर्ज्य, आणि घरात चिरणे, तळणे, तवा ठेवणेही वर्ज्य. म्हणजे विळीला सुट्टी, चुलीला नाही. उकडलेले दिंड कोणाला तरी करावेच लागतात. पाळणुकीच्या दिवशी पुरुष देवळाच्या कट्ट्यावर बसतात तेव्हाही भाकरी आणि धारा कोणाला चुकलेल्या नसतात, हे या प्रथेचे गोडवे गाताना सहसा विसरले जाते.

आठवड्यात एक दिवस आडवे पडल्याने रोजच्या झोपेची भरपाई होत नाही. प्रौढांना रोज रात्री किमान ७ तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक अधिक स्रवते आणि ऊतींची डागडुजी होते. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के होते ते झोपेतच. झोप सतत अपुरी पडली तर रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो, चिडचिड होते, यंत्रावर हात चुकतो. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. दिवसा झोपायला तिथे मुख्यतः ग्रीष्मात मुभा आहे. वृद्ध, आजारी, कष्टाने थकलेले यांना सवलत आहे. दुपारची डुलकी २०-३० मिनिटांची असली तर ताजेतवाने वाटते, त्याहून लांबली तर उठल्यावर डोके जड होते. सीमाभागातल्या शेतकऱ्याची झोप मोडते ती बहुधा विजेमुळे. पंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते. पाळी रात्रीची असली की बॅटरी घेऊन उसाला पाणी दाखवायला जावे लागते, आणि सकाळी धारांची वेळ काही पुढे सरकत नाही.

गावाचा वार शेतीला बांधून ठेवतो, मजुरीला नाही. कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीचा इतिहास वेगळा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि सलग ५ तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम करणाऱ्याला कायद्याचा आधार असतो, निदान कागदावर. शहरातल्याच शहापूर, वडगाव, खासबाग इथे घरात यंत्रमाग चालवणाऱ्याला तोही नाही. वीज गेली की माग थांबतो, पण ती येईल तेव्हा पुन्हा उभे राहायचे असते. अशा थांबण्याला विश्रांती म्हणता येत नाही. निपाणीत घरी विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे तिची सुट्टी म्हणजे तिचा तोटा. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडले. घरच्या मागावरचे आणि विड्यांच्या सुपातले तास कोणाच्या हजेरीपटात नोंदले जात नाहीत.

कोकणात, मालवण तालुक्यातल्या आचरे गावी, गावपळण ही याहून कडक प्रथा आहे : काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सारा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. बेळगावकडच्या पाळणुकीत घर सुटत नाही. तरुण मंडळी नोकरीधंद्याला लागल्यापासून तिचा आवाका मात्र आकसला आहे. एकाच घरात सासरे वार पाळून शेताकडे फिरकत नाहीत आणि मुलगा त्याच मंगळवारी डबा घेऊन पहिल्या पाळीला जातो.