आसन (योगसाधनेतील स्थान)

आसन : पतंजलींच्या अष्टांगयोगातील तिसरे अंग; आधी यम-नियम, नंतर प्राणायाम. 'आस्' म्हणजे बसणे, या धातूवरून हा शब्द आला. योगसूत्रांत आसनाला अवघी तीन सूत्रे मिळाली आहेत. 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचे ते आसन, हे पहिले. पुढची दोन प्रयत्न सैल सोडण्याबद्दल आणि शीतोष्णासारखी द्वंद्वे न बाधण्याबद्दल. एकाही आसनाचे नाव त्यांत नाही.

देहाला पुढे आणले ते हठयोगाने. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत आसन पहिल्या अंगाचा मान घेते. स्थैर्य, आरोग्य आणि अंगाचा हलकेपणा ही त्याची फळे. तिथे १५ आसने वर्णिली आहेत, घेरंडसंहिता या दुसऱ्या हठयोगग्रंथात ३२.

'स्थिर' म्हणजे किती स्थिर, हे मराठवाड्यात वेरूळला पाहावे. ३२व्या जैन लेण्यात, इंद्रसभेत, तीर्थंकर पद्मासनात बसले आहेत आणि जैन तपस्वी बाहुबली कायोत्सर्गात, म्हणजे निश्चल ध्यानमुद्रेत, उभा आहे. हात सरळ खाली सोडलेले, अंगावर वेली चढलेल्या. वेल चढेपर्यंत माणूस हलला नाही, हे शिल्पकाराने एवढ्यातच सांगितले.

पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर नाथपरंपरेतले. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात टाच कुठे दाबायची, भार कसा तोलायचा, इतक्या बारकाव्याने त्यांनी बैठक सांगितली आहे. त्या मूळबंधाच्या, म्हणजे गुद आणि जननेंद्रिय यांमधली जागा टाचेने दाबण्याच्या, बैठकीलाच ते वज्रासन म्हणतात. आज जेवणानंतर गुडघे दुमडून बसतात ते वज्रासन वेगळे. हठप्रदीपिकाही टाच त्याच जागी दाबून बसण्याच्या सिद्धासनालाच काहीजण वज्रासन म्हणतात असे नोंदवते. आजचे वज्रासन मनात धरून त्या ओव्या वाचल्या तर अर्थ लागतच नाही, म्हणून हा फरक शिकवणाऱ्याने आवर्जून सांगावा. आसन जमले की ज्ञानेश्वर तिथे रेंगाळत नाहीत. वर्णन अपानाकडे (खाली जाणाऱ्या प्राणवायूकडे) आणि कुंडलिनीकडे (देहात सुप्त मानलेल्या शक्तीकडे) वळते.

हल्ली योग म्हणजे आसनेच, असा समज रूढ आहे. तो अपुरा असला तरी देहाची तयारी कमी लेखू नये. सोयाबीन कापून कंबर धरलेल्या बाईला दहा मिनिटे ताठ बसणेही जड जाते. ध्यान तर लांबच. तिला पद्मासनाचा हट्ट धरायला लावणे चूक. सतरंजीवर साधी मांडी, बुडाखाली घोंगडीची घडी, गुडघे जमिनीकडे आपोआप उतरू द्यायचे. श्वास अडकला की पाय मोकळे करायचे. दुखरा गुडघा हाताने दाबून खाली नेऊ नये. घडी रोज थोडी पातळ करत गेले की पाठ आधाराविना उभी राहू लागते, आणि मग श्वासाकडे लक्ष जाते.